घर विकलं, गाडी काढली: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जून २०२५ मध्ये आम्ही हनुमाननगरातलं घर विकलं आणि नोव्हेंबरात गाडी घेऊन निघालो. तेव्हापासून दर आठवड्याला कोणी ना कोणी फोन करून तेच तेच विचारतं. बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसल्यामुळे एकच उत्तर शंभरदा द्यायची सवय आहे, पण आता तोंड दुखायला लागलं. म्हणून हे लिहून ठेवते. ज्यांच्या डोक्यात असाच किडा वळवळतो आहे, त्यांनाही उपयोगी पडेल.

काऊन विकलं जी एवढं मोठं घर? फिरायसाठी?

नाही. फिरण्यासाठी घर विकू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. दोन-तीन महिने हिंडायचं असेल तर कुलूप लावून निघावं, शेजारी किल्ली द्यावी, झालं.

आमचं घर विकणं आधीच ठरलं होतं. सासऱ्यांनी १९७४ साली बांधलेलं दुमजली घर, खाली-वर मिळून सात खोल्या आणि राहणारी माणसं दोन. मुलगी पुण्यात, थोरले दीर बंगळुरूला, नणंद अमरावतीला. माझे गुडघे जिना चढू देत नव्हते आणि दर पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने निघायचं. विकून लगेच फ्लॅट घ्यायचा की थोडं थांबायचं, एवढाच प्रश्न होता. आम्ही थांबलो, आणि थांबायचं तर एका जागी का थांबायचं? गाडीचा विचार तिथून निघाला.

नणंदेने सही दिली का? लग्न झालेल्या मुलीचा हक्क असतो का?

हा प्रश्न विचारताना लोक आवाज खाली आणतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देते. असतो, आणि बरोबरीचा असतो. २००५ च्या दुरुस्तीची चर्चा सगळीकडे होते, पण ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. वडिलांनी स्वतः कमावून बांधलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा आहे. आमच्याकडे सासूबाईही गेल्यामुळे तीन भावंडं, तीन समान हिस्से.

दिरांच्या एका मित्राने सुचवलं होतं, ‘ताईंकडून हक्कसोडपत्र करून घ्या, मग विकायला सोपं.’ कागदावर सोपं असतं. पण हक्क सोडल्यावर तिचा पैशावरही हक्क राहत नाही आणि नंतर तिला दिलेली रक्कम ही मेहेरबानी ठरते. आम्ही तिघांच्या नावाची वारस नोंद करून घेतली आणि विक्रीपत्रावर तिघांनीही विक्रेते म्हणून सह्या केल्या. खरेदीदाराने तीन खात्यांवर तीन वेगळे भरणे केले. नणंद रजिस्ट्रीच्या दिवशी पैठणी नेसून आली होती, एवढंच सांगते.

मृत्युपत्र असेल तर नागपुरात प्रोबेटची, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. तरी खरेदीदाराचा वकील वाट्टेल ते मागू शकतो, तयारी ठेवा.

कागद कोणकोणते लागले?

इथे आमचे सात महिने गेले, म्हणून जरा सविस्तर.

नागपुरात जमीन कोणत्या प्रकारची आहे, हे आधी बघा. आपल्याकडे घराघरात माणसं ‘आमचा प्लॉट’ म्हणतात, पण तो कधी नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवर असतो, कधी नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीवरचा, कधी सोसायटीच्या लेआउटमधला आणि आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) मिळालेला किंवा न मिळालेला. प्रत्येकाची वाट वेगळी. आमचा लीजचा निघाला. ती लीज तीस वर्षांची असते, मग नूतनीकरण करावं लागतं. सासरे गेल्यावर ते करायचं कोणाच्याही लक्षात नव्हतं. आम्ही घरपट्टी वेळेवर भरत होतो, त्यामुळे सगळं ठीक आहे अशी समजूत. आधी नूतनीकरण, मग वारसांची नावं, मग विक्रीसाठी ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क, असा क्रम. एकही पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही.

दुसरा घोळ नावाचा. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सासऱ्यांचं नाव वडिलांच्या नावासह, लीज डीडवर नुसती आद्याक्षरं आणि मृत्यू दाखल्यावर आडनावाची वेगळीच वेलांटी. एका कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिलं. दुसऱ्या टेबलाला ते चालेना. साहेब आधी दौऱ्यावर होते, मग रजेवर, मग त्यांची बदली झाली. मी रोज डबा घेऊन जाऊन बसायची. बँकेत लोक माझ्यासमोर असेच बसायचे हे आठवून गप्प राहायची.

तुम्ही आज एवढं करा: मूळ लीज डीड किंवा खरेदीखत, ताजी आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, महापालिकेची घरपट्टीची आणि पाण्याची थकबाकी नसल्याची पावती, विजेचं बिल, मृत्यू दाखले आणि सगळ्यांची आधार-पॅन कार्डं एका टेबलावर मांडा आणि फक्त नावं ताडून बघा. घर पाच वर्षांनी विकायचं असलं तरी.

दलाल घेतला होता का?

घेतला होता. दलाली किती आणि कधी द्यायची हे इसार घेण्याआधी लेखी ठरवा. पहिल्या दलालाने तोंडी एक आकडा सांगितला आणि गिऱ्हाईक आल्यावर दुसरा. त्याला चहा पाजून निरोप दिला.

‘थोडे वरचे’ रोख घेतले असतील ना?

नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. शिवाय गाडीत झोपणाऱ्या माणसाने रोकड ठेवायची कुठे, स्टेपनीखाली?

टॅक्स किती गेला?

सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न, आणि आकडा मी सांगणार नाही. हिशेब कसा बसतो ते सांगते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून कलमं लिहीत नाही. आमचा व्यवहार २०२५-२६ मधला, तो जुन्या कायद्यात बसतो. तुमच्या सीएला दाखवूनच पुढे जा.

घर दोन वर्षांपेक्षा जास्त जुनं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. वारशाने आलेल्या घरात वडिलांची वर्षंही तुमच्या खात्यात धरली जातात. २००१ च्या आधीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत ही मूळ किंमत म्हणून घेता येते. मात्र त्या वेळचा सरकारी दर उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घराला निवासी भारतीयांसाठी दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के. जो कर कमी तो.

उदाहरण घ्या. तुमच्या हिश्शाला ६० लाख आले. २००१ ची किंमत ६ लाख धरली तर निर्देशांक न लावता नफा ५४ लाख, कर पावणेसात लाख. निर्देशांक लावला (२०२५-२६ चा ३७६, २००१-०२ चा १००) तर मूळ किंमत २२ लाख ५६ हजार होते, नफा ३७ लाख ४४ हजार आणि कर जवळपास साडेसात लाख. म्हणजे १२.५ टक्केवाला बरा. आता २००१ ची किंमत १० लाख निघाली, तर चित्र उलटं: निर्देशांकाशिवाय सव्वासहा लाख, निर्देशांक लावून ४ लाख ४८ हजार. सेस वगैरे वेगळा. म्हणून मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल करून घ्या. त्याची फी देताना जीव वर-खाली होतो, पण नंतर वसूल होते.

एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, प्रत्येकाचा हिस्सा लहान असला तरी. कापल्याचा दाखला मागून घ्या. एखादा वारस परदेशात असेल तर त्याच्या हिश्शावर कपात बरीच जास्त होते. ते प्रकरण आधीच निस्तरा, रजिस्ट्रीच्या सकाळी नाही.

मग कर वाचवला कसा? आणि दोन वर्षंच का फिरणार?

दोन्हींचं उत्तर एकच आहे. नफा नव्या घरात घातला तर कर माफ होतो आणि तयार घर घ्यायला विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षं मिळतात (बांधायचं असेल तर तीन). विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत घर घेतलं नसेल, तर ती रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. आम्ही ठेवली. थोडा भाग सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या करसवलतीच्या रोख्यांमध्ये टाकला. त्यांची मर्यादा ५० लाख आणि मुदत पाच वर्षं.

तर जून २०२७ पर्यंत आम्हाला फ्लॅट घ्यायचा आहे. लोक म्हणतात, ‘वा, मोकळे झालात.’ कसले मोकळे? आमच्या भटकंतीची शेवटची तारीख आयकर खात्याने घालून दिली आहे. हे म्हणतात, लग्नाच्या वेळी एवढी रजा मिळाली नव्हती.

घराच्या पैशाला प्रवासात हात लावायचा नाही, हा आमचा नियम. कॅपिटल गेन्स खात्यातला पैसा तसाही घराखेरीज दुसरीकडे वापरता येत नाही. प्रवास चालतो तो दोघांच्या पेन्शनवर आणि एका मुदत ठेवीवर.

महालक्ष्म्या कोणाकडे बसणार?

बाहेरगावच्या माणसांना हा प्रश्न लहान वाटेल. वैदर्भीय माणसाला माहीत आहे की घराच्या वाटणीपेक्षा ही वाटणी अवघड. महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी बहिणी, त्यांना वेगळं करता येत नाही. मुखवटे, कोठ्या, सोळा भाज्या, आंबील, पुरण, आवतण दिलेले ब्राह्मण आणि सवाष्णी, हे सगळं एका घरात बसतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा हलवूनसुद्धा बसत नाही.

म्हणून इसाराच्या वेळीच आम्ही खरेदीदाराला सांगितलं: रजिस्ट्री जूनमध्ये करू, पण ताबा महालक्ष्म्यांनंतर. त्याने थोडी रक्कम ताब्यापर्यंत रोखून धरली, ते रास्तच होतं. ही अट करारात लिहून घेतली. वकिलाने टाइप करताना वर बघितलं आणि विचारलं, ‘तारीख टाकू की तिथी?’ तारीख टाकली, ३० सप्टेंबर.

शेवटच्या महालक्ष्म्यांना जेवायला ऐंशी पानं उठली. नेहमी चाळीस व्हायची. आता मुखवटे अमरावतीला नणंदेच्या मुलाकडे आहेत. कुलाचार मुलीकडच्या घराण्यात कसा जाईल, यावर दोन मावश्या रुसल्या होत्या. पण सांभाळायला तयार कोण, हे विचारल्यावर दोघींचे फोन लागेनात.

एवढं सामान कुठे टाकलं?

पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि पितळी डबे कोणी ना कोणी मागून नेले. गोदरेजचं कपाट मुलीने नको म्हटलं, ओळखीच्या एका मुलाने आनंदाने नेलं. पुस्तकं शेजारच्या वाचनालयाला दिली. सासूबाईंच्या अकरा रजया होत्या. त्यातल्या दोन गाडीत आहेत, हिमाचलात कामी आल्या.

एक व्यवहारी सल्ला: कुलर होळीच्या आसपास विका. आमच्याकडे तीन होते, आम्ही सप्टेंबरात काढले आणि भंगाराच्या भावात गेले. तेच कुलर नागपुरात एप्रिलमध्ये माणसं भांडून घेतात.

उरलेली अडगळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढली. महालच्या बाजूने काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडा पिडा गावाबाहेर नेणारे पुतळे, निघत होती आणि आमच्या दारातून भंगारवाल्याचा हातठेला. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत यांनी सत्तावीस वर्षांच्या विजेच्या बिलांचं गाठोडं त्यावर ठेवलं. महत्त्वाची होती त्यातली दोन, ती मी रात्री जाऊन परत आणली.

गाडी कोणती? कॅम्पर केली का?

जुनी एर्टिगा, पेट्रोल. कॅम्पर करून घ्यायची यांची फार इच्छा होती. पण गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, नाहीतर विम्याच्या वेळी पंचाईत. मागच्या सीटा काढल्या नाहीत, दुमडल्या. त्यावर प्लायवूडची फळी आणि गादी. फळी उचलली की खाली तीन खोके: भांडी, कपडे, औषधं.

निघण्याआधी गाडी टेकडी गणपतीला नेली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. मग टायर बदलले. क्रम उलटा हवा होता, पण यांच्याशी कोण वाद घालणार.

लायसन्सची मुदत बघा. पंचावन्न ओलांडल्यावर ते पाच-पाच वर्षांसाठीच वाढतं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. एमएच ३१ पाटी घेऊन इतर राज्यांत फिरायला काही अडचण नाही. एकाच परराज्यात वर्षाच्या वर गाडी ठेवलीत तर तिथली नोंदणी करावी लागते.

समृद्धीने गेलात की नाही?

एकदा गेलो, पुन्हा हौस नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, कारला १२० ची मर्यादा. शिवमडक्याहून चढलं की गाव नाही, टपरी नाही, सिग्नल नाही. सरळ काँक्रीटवर तासाभराने डोळा लागायला येतो. टायर जुने असतील तर उन्हाळ्यात त्या रस्त्यावर चढूच नका. घाई असेल तर उत्तम रस्ता आहे. आम्हाला घाई नाही.

आपल्या नागपूरकरांचं भाग्य म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा हा रस्ता आपल्या गावातून जातो. घरातून निघून डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढंच ठरवायचं. हिवाळ्यात आम्ही दक्षिणेला वळलो: हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद आणि पुढे. पांढरकवड्याच्या पुढे कापसाच्या गाड्या कमी होतात, पाट्यांवरची लिपी बदलते आणि पोह्यांवरची तर्री संपते. उन्हाळ्यात उत्तरेला. मनसरच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलला आहे, खालून जनावरं जातात. तिथे हॉर्न वाजवू नका.

फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. समृद्धीवर चालत नाही, त्यावरून टोलनाक्यावर भांडू नका. आम्ही भांडलो.

निघायचं कधी?

दिवाळीनंतर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरातून गाडीने निघण्याचा विचारही करू नका. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश झालं होतं, आणि गाडीचा एसी नेमका अशाच दिवशी बंद पडतो.

रात्री झोपता कुठे?

चार रात्रींत एखादी रात्र गाडीत, बाकी छताखाली. पहिली रात्र सेवाग्रामच्या यात्री निवासात काढली. पाऊण-शंभर किलोमीटरवर मुक्काम, लोक हसले. पण काय विसरलं ते पहिल्या रात्रीच कळतं आणि घरी परतून आणता येतं. आमचा गॅस लायटर राहिला होता. घरी परतून आणता येईल म्हणाले हे, मग दोघंही गप्प झालो. वर्ध्यातून नवीन घेतला.

देवस्थानांचे भक्त निवास स्वच्छ आणि स्वस्त असतात, शेगावचं तर मी डोळे मिटून सांगेन. गाडीत झोपायचं तर ट्रकवाल्यांचा मोठा ढाबा किंवा पेट्रोल पंप, आधी विचारून. आडबाजूला, नदीकाठी, ‘काय सुंदर जागा आहे’ अशा ठिकाणी मुळीच नाही.

स्वयंपाकाचं काय?

घरगुती सिलिंडर एजन्सीला परत करून डिपॉझिट घेतलं. बरोबर पाच किलोचा छोटा आहे. शेगडी नेहमी गाडीबाहेर पेटवायची, पाऊस असला तरी. सातूचं पीठ, सांडगे, कुरडया, मेतकूट, तिखट. सावजीचा मसाला संपला की माझं डोकं दुखतं, तो पुण्याहून मुलगी कुरिअर करते. नागपूरच्या माणसाला सावजी मसाला पुण्याहून, हे आणखी कोणाला सांगू नका.

महिन्याला खर्च किती?

आमचा पंचेचाळीस ते पन्नास हजार. महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर, त्याचं पेट्रोल दहा हजारांच्या आत. बाकी खोल्या, जेवण, औषधं. जास्त पळालं की खर्च वाढतो आणि बघणं कमी होतं.

आधार, मतदान, पेन्शन? कोणत्या पत्त्यावर?

अमरावतीचा, नणंदेचा. बँकेचं केवायसी आधी केलं, बाकी त्याच्या मागे आलं. मतदार यादीत नाव हलवायला नमुना ८ भरावा लागतो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, यांनी अनंतपूरजवळ एका चिंचेखाली दिला. दोनदा नापास झाले. टोपी काढल्यावर जमलं.

भांडता का?

हो. नकाशावरून.

जुनं घर आता कसं आहे?

पाडलं. खरेदीदार बिल्डर होता, आम्हाला माहीत होतं. सागवानी चौकट उतरवून नणंदेकडे पाठवायला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने पाठवली, सोबत नेमप्लेटही. तिथे आता पत्रे लावले आहेत.

फोन कधी करायचा?

सकाळी सात ते आठ. हे तेल-पाणी आणि हवा बघत असतात आणि मी मोकळी असते. आठनंतर मी नकाशावर असते, तेव्हा उचलणार नाही. आणि फ्लॅटसाठी कोणाला त्रिमूर्तीनगर किंवा प्रतापनगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावरचा, लिफ्टचा, जमिनीचे कागद साफ असलेला माहीत असेल, तर तेवढ्यासाठी कधीही करा.